नेत्यांवर केसेस टाकणाऱ्या वकिलांची कारकीर्द: हाती नेमकं काय लागतं?

भायखळा_फास्ट (धागाकर्ता)

देवेंद्र फडणवीसांच्या २०१४ च्या निवडणूक प्रतिज्ञापत्रात १९९६ आणि १९९८ च्या दोन जुन्या प्रकरणांचा उल्लेख नव्हता. एवढ्या एका मुद्द्यावर नागपूरचे ॲड. सतीश उके दंडाधिकारी, सेशन्स, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट अशा चारही पायऱ्या चढले. १ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल रद्द करून केस परत नागपूरला पाठवली. मार्च २०२२ मध्ये उके यांना ईडीने जमिनीच्या एका वेगळ्याच प्रकरणात अटक केली. ८ सप्टेंबर २०२३ ला फडणवीस निर्दोष सुटले.

धागा या एका माणसाबद्दल नाही, या प्रकारच्या वकिलीबद्दल आहे. केस उभी कशी राहते, कुठे आपटते, पोट कशावर चालतं आणि शेवटी काही निष्पन्न होतं का? माझं मत आधीच सांगतो: या लोकांची हिंमत वाखाणण्यात आपला वेळ जातो, पण केस जिंकते किंवा हरते ती कागदावर. जाणकारांनी लिहावं. पक्षीय धुणी कृपया दुसऱ्या धाग्यावर.

ओव्हलच्या_कडेला

हाती तारीख लागते. पुढची.

सनदशीर

उके प्रकरणातला कायद्याचा मुद्दा बहुतेक बातम्यांमधून गळला होता, तो मांडतो.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३३अ म्हणतं की दोन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात आरोप निश्चित झाले असतील तर उमेदवाराने ते सांगावं. फडणवीसांच्या दोन्ही प्रकरणांत आरोप निश्चित झालेले नव्हते, कोर्टाने फक्त दखल घेतली होती. हायकोर्ट म्हणालं, मग सांगायची गरज नव्हती. सुप्रीम कोर्टाने कलम ३३अ आणि फॉर्म २६ (प्रतिज्ञापत्राचा ठरलेला नमुना) एकत्र वाचले. फॉर्ममध्ये दखल घेतलेल्या प्रकरणांचाही रकाना होता, म्हणून तीही माहिती द्यायला हवी होती. कायद्याच्या मुद्द्यावर उके जिंकले ते इथे.

पण अशा प्रतिज्ञापत्रासाठी शिक्षा सांगणाऱ्या कलम १२५अ ला हेतू लागतो, माहिती 'जाणूनबुजून' लपवल्याचं दाखवावं लागतं. बचाव असा होता की वकिलाकडून राहून गेलं. तो मान्य झाला आणि प्रकरण संपलं.

शिवाय १२५अ ची कमाल शिक्षा सहा महिने. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्याची दखल घ्यायला मुदत एकच वर्ष असते. लोक पाच वर्षांनी, पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर जुनं प्रतिज्ञापत्र उकरून काढतात. तोवर दार बंद झालेलं असतं.

कोरम_अपूर्ण

सनदशीर यांना +१. पण खुर्चीच हलवायची असेल तर १२५अ हे हत्यारच नव्हे, निवडणूक याचिका करावी लागते. किसन कथोरे विरुद्ध अरुण सावंत बघा. २००४ ची अंबरनाथची निवडणूक. प्रतिज्ञापत्रात बायकोच्या नावावरचा बंगला, तिची गाडी आणि भागीदारीतली मालमत्ता दाखवली नव्हती, वीजबिलाची थकबाकीही नव्हती. मुंबई हायकोर्टाने निवडणूक रद्द केली आणि ९ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. गंमत म्हणजे वीजबिलाला कोर्टाने फार महत्त्व दिलं नाही, कारण त्या रकमेवर खरोखरच वाद होता. आडवा आला तो बंगला. याचिका लिहिताना लोक नेमकं उलटं करतात: भारंभार किरकोळ आरोप आधी आणि भक्कम मुद्दा पान चाळीसवर.

निवडणूक याचिकेचे नियम निर्दयी आहेत. निकालापासून ४५ दिवस, एक दिवससुद्धा वाढवून मिळत नाही, उशीर माफ करणारं मुदत कायद्याचं कलम ५ इथे लागूच नाही. विधानसभेचा मागचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला, म्हणजे ७ जानेवारी २०२५ शेवटचा दिवस. अनामत फक्त २,००० रुपये, पण ती याचिकेसोबतच भरावी लागते. प्रत्येक प्रतीवर 'खरी प्रत' म्हणून खुद्द याचिकाकर्त्याची सही हवी, वकिलाची चालत नाही. भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर फॉर्म २५ मधलं वेगळं प्रतिज्ञापत्र. कलम ८१, ८२ किंवा ११७ मध्ये चूक झाली की ८६ खाली याचिका तिथेच फेटाळली जाते, पुराव्यापर्यंत कोणी जातच नाही.

तिखट_मिसळ

मला हा सगळा प्रकारच संशयास्पद वाटतो. टीव्हीवर झळकायचं, मग तडजोड करायची. नागपूरचंच उदाहरण घ्या: दत्तराज थावरे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००४ चा निकाल. अनधिकृत बांधकामांविरुद्ध जनहित याचिका करणारा वकील पैसे घेताना पकडला गेला. हायकोर्टाने २५,००० रुपये दंड लावला, सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला आणि बार काउन्सिललाही लक्ष घालायला सांगितलं. समाजसेवेच्या नावाखाली हेच चालतं.

प्रॅसिपी

@तिखट_मिसळ, थावरे निकाल प्रत्येक सरकारी वकिलाला तोंडपाठ आहे. कुठल्याही जनहित याचिकेच्या पहिल्या सुनावणीत तोच समोर येतो. त्यामुळे आता गाळणी बरीच बारीक झाली आहे. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये बलवंतसिंग चौफाल प्रकरणात सगळ्या हायकोर्टांना नियम करायला सांगितलं आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाचे जनहित याचिका नियम आले. मुंबईत ही याचिका कशी चालते ते लिहितो.

याचिकेत शपथेवर सांगावं लागतं की यात वैयक्तिक स्वार्थ नाही, माहिती कुठून मिळाली आणि खर्च कोण करतंय. 'वर्तमानपत्रात वाचलं' एवढाच आधार असेल तर याचिका सहसा पहिल्याच दिवशी संपते. आधी संबंधित खात्याला निवेदन दिलेलं हवं आणि उत्तराला वाजवी वेळ दिलेला हवा. सोमवारी निवेदन आणि शुक्रवारी याचिका हा उद्योग न्यायमूर्तींच्या लगेच लक्षात येतो.

मग फायलिंग. हायकोर्टाचे दोन विभाग: ओरिजिनल साइडला तात्पुरता लॉजिंग नंबर पडतो, अपीलेट साइडला स्टॅम्प नंबर. त्यानंतर ऑफिस ऑब्जेक्शन्स निघतात: पान क्रमांक जुळत नाहीत, झेरॉक्स वाचता येत नाही म्हणून टाइप प्रत जोडा, तारखांचा गोषवारा नाही, मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं नाहीत. हे शेवटचं फार नडतं. मंत्रालयातली नस्ती (फाइल) मराठीत, हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत, त्यामुळे तीनशे पानांची नस्ती जोडली की तीनशे पानांचं भाषांतरही आलं. शहाणा वकील नस्तीतली कामाची बारा-पंधरा पानंच निवडतो. ऑब्जेक्शन्स मुदतीत काढली नाहीत तर ओरिजिनल साइडला प्रोथोनोटरी (तिथले मुख्य निबंधक) नियम ९८६ खाली याचिका नाकारतात. त्याची बातमी होत नाही. 'अमुक मंत्र्याविरुद्ध याचिका दाखल' एवढीच झालेली असते.

नंबर पडला की प्रॅसिपी (सुनावणीची तारीख मागणारा छोटा अर्ज) देऊन मुख्य न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे मेन्शन करायचं, म्हणजे लवकर सुनावणी तोंडी मागायची. तातडी का आहे ते दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

प्रतिवादी कोण, इथेही घोळ होतो. मंत्र्याने दुष्ट हेतूने निर्णय घेतला असा आरोप असेल तर त्याला नावानिशी पक्षकार करावंच लागतं, नुसतं 'महाराष्ट्र शासन' लिहून भागत नाही. आणि तसा आरोप नसताना उगाच मुख्यमंत्र्यांचं नाव टाकलं तर पहिला अर्धा तास ते नाव वगळण्यात जातो.

ओव्हलच्या_कडेला

ऑब्जेक्शन क्रमांक १७: 'मार्जिन अपुरा.' लोकशाही वाचवायला निघालेल्यांचा इथे घाम निघतो.

फाइलवाली

भाषांतर ही पुढची गोष्ट, कामाची पानं मुळात मिळवायची कशी? माहिती अधिकारात महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, शुल्क १० रुपये, प्रतीला २ रुपये पान. ३० दिवसांत उत्तर. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. दोन्ही अपिलांना २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

'अमुक निर्णयाची सर्व माहिती द्यावी' असा अर्ज म्हणजे नकाराला आमंत्रण. नस्ती क्रमांक लिहायचा आणि टिपणी भाग वेगळा, पत्रव्यवहार भाग वेगळा मागायचा. निर्णय शासन आदेशात दिसतो, तो कसा झाला ते टिपणीत दिसतं. कक्ष अधिकाऱ्याने 'नियमात बसत नाही' लिहिलंय, उपसचिवाने त्यावर सही केलीय आणि समासात मंत्र्याच्या अक्षरात 'मान्य' आहे, हे एक पान पन्नास भाषणांना भारी पडतं. क्रमांक माहीत नसेल तर आधी आवक-जावक नोंदवहीची पाहणी मागायची.

साक्षांकित प्रतीच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर याचिका उभी करणारे आहेत. समोरचा वकील विचारतो 'हे आलं कुठून' आणि अख्खी सुनावणी तिथेच अडते.

तिखट_मिसळ

@फाइलवाली, आणि 'नस्ती आढळून येत नाही' असं उत्तर आलं तर?

फाइलवाली

तर ते उत्तर जपून ठेवायचं. नस्ती गहाळ असेल तर सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे जबाबदारी निश्चित करा आणि पोलिसांत तक्रार द्या, असं पत्र पाठवायचं. अशा पत्रानंतर बऱ्याच नस्त्या सापडतात. :)

चढण_मलबारहिलची

प्रॅसिपी म्हणतात ते 'आधी तक्रार' प्रकरण किती निर्णायक ठरतं याचा नमुना म्हणजे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांचं प्रकरण. दोन याचिका शेजारी ठेवून बघा.

परमबीर सिंग यांनी २० मार्च २०२१ ला मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, देशमुखांनी पोलिसांना महिन्याला शंभर कोटी वसूल करायला सांगितल्याच्या आरोपाचं. आधी सुप्रीम कोर्टात गेले, तिथून हायकोर्टात पाठवलं गेलं. ३१ मार्चला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांनी त्यांना विचारलं, एफआयआर कुठे आहे? पोलीस आयुक्त राहिलेला माणूस गुन्ह्याची माहिती असताना तक्रार नोंदवत नाही आणि थेट सीबीआय मागतो, हे कोर्टाला पटेना.

ॲड. जयश्री पाटील यांनी मात्र २१ मार्चलाच मलबार हिल पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. पोलिसांनी काही केलं नाही, म्हणून त्या हायकोर्टात आल्या होत्या. ५ एप्रिलला कोर्टाने सीबीआयला १५ दिवसांत प्राथमिक चौकशी करायला सांगितलं ते त्या तक्रारीचा आधार घेऊन. गृहमंत्र्यांच्याच हाताखालचे पोलीस त्यांची चौकशी निःपक्ष कशी करणार, हे कारण. देशमुखांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ज्याच्याकडे आतली माहिती होती त्याची याचिका अडखळली आणि जिच्याकडे पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज होता तिची चालली.

आता हा क्रम असा आहे: पोलीस ठाण्यात तक्रार (बीएनएसएस, म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३). नोंदवली नाही तर १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना, मुंबईत परिमंडळाच्या डीसीपींना, लेखी कळवायचं. मग १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत शपथपत्र. प्रियांका श्रीवास्तव निकालाने (२०१५) शपथपत्र बंधनकारक केलं होतं, नव्या संहितेने ते कलमातच घातलं. यातली एक पायरी गाळली की समोरच्याला दुसरा मुद्दा शोधावा लागत नाही.

तिखट_मिसळ

आणि पुढे काय झालं? देशमुख नोव्हेंबर २०२१ मध्ये अटक झाले, डिसेंबर २०२२ मध्ये जामिनावर बाहेर आले. शिक्षा कुठे आहे? राजीनामा घेणं हे कोर्टाचं काम आहे का?

परळ_परिसर

जयश्री पाटील म्हणजे मराठा आरक्षणाच्या याचिकेतल्या त्याच. ५ मे २०२१ चा पाच न्यायमूर्तींचा निकाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यांचे पती ॲड. गुणरत्न सदावर्ते आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर धागा पुरणार नाही. एसटी संप, सिल्व्हर ओक...

संपादक

सिल्व्हर ओक आणि आरक्षण या दोन्हींसाठी स्वतंत्र धागे आहेत. इथले पाच प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

ओव्हलच्या_कडेला

पाच प्रतिसादांची बदली झाली, मंजुरी कोणाची घेतली?

वरळी_एसीबी

मंजुरीवरून आठवलं, इतका वेळ कोणी तो विषय काढला नाही. नेत्यांविरुद्धच्या केसेसची खरी दफनभूमी तीच आहे.

पोलीस ठाणे, डीसीपी, दंडाधिकारी हा वरचा क्रम साध्या गुन्ह्यांना ठीक. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लावायचा असेल तर गिरगाव किंवा माझगावच्या दंडाधिकाऱ्यांकडे जाऊन उपयोग नाही, तो विषय सेशन्समधल्या विशेष न्यायाधीशांचा. आणि तिथे मंजुरीचे दोन फाटक आहेत.

पहिलं कलम १७अ, २०१८ च्या दुरुस्तीने आलेलं. अधिकारपदावरून घेतलेल्या निर्णयाची किंवा केलेल्या शिफारशीची साधी चौकशी सुरू करायलाही पूर्वमान्यता लागते. मुदत तीन महिने, कारण देऊन आणखी एक महिना. लाच घेताना रंगेहाथ पकडलं तर लागत नाही. म्हणजे पाचशे रुपये घेणारा तलाठी सापळ्यात लगेच सापडतो आणि भूखंडाच्या फाइलवर सही करणाऱ्याची चौकशी परवानगीची वाट बघते.

दुसरं कलम १९, खटल्याची मंजुरी. सुब्रमण्यम स्वामी विरुद्ध मनमोहन सिंग (२०१२) निकालाने सामान्य नागरिकही मंजुरी मागू शकतो हे पक्कं झालं. २०१८ नंतर त्यात अट आली: नागरिकाने आधी सक्षम कोर्टात तक्रार केलेली हवी, कोर्टाने ती फेटाळलेली नसावी आणि मंजुरी आणा असं कोर्टानेच सांगितलेलं असावं. नुसता राज्यपालांना अर्ज टाकून 'मंजुरी मागितली' अशी पत्रकार परिषद घेणाऱ्यांनी हे कलम वाचलेलं नसतं.

मुंबईतली दोन उदाहरणं. काँग्रेसचे तेव्हाचे नेते कृपाशंकर सिंह, बेहिशेबी मालमत्ता: फेब्रुवारी २०१२ मध्ये हायकोर्टाने जनहित याचिकेवर पोलीस आयुक्तांना कारवाईचे आदेश दिले, मोठा गाजावाजा झाला. २०१८ मध्ये मंजुरी नाही म्हणून विशेष कोर्टाने त्यांना आरोपमुक्त केलं. आदर्श सोसायटी घोटाळा: माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांवर खटल्याची मंजुरी एका राज्यपालांनी २०१३ मध्ये नाकारली, पुढच्यांनी २०१६ मध्ये दिली, आणि २२ डिसेंबर २०१७ ला हायकोर्टाने ती रद्द केली. कारण, आधी नाकारलेली मंजुरी फिरवायची तर पुरावा म्हणून टिकेल असं नवं काहीतरी हवं. ते नव्हतं.

परळ_परिसर

आणि 'समरी'? एफआयआर झाला म्हणजे केस झाली असं समजणाऱ्यांसाठी.

सनदशीर

समरी, म्हणजे तपास बंद करताना पोलीस कोर्टाला देतात तो अहवाल, हा आपल्याकडचा खास प्रकार. 'ए' म्हणजे गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. 'बी' म्हणजे तक्रार खोटी, द्वेषाने केलेली. 'सी' म्हणजे खरीही नाही खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. नेत्यांच्या प्रकरणात 'सी' सगळ्यांना सोयीची: तक्रारदार खोटा ठरत नाही, आरोपी सुटतो, तपास अधिकाऱ्याला झोप लागते.

शिखर बँक (राज्य सहकारी बँक) कर्ज प्रकरण: २२ ऑगस्ट २०१९ ला हायकोर्टाने आर्थिक गुन्हे शाखेला पाच दिवसांत गुन्हा नोंदवायला सांगितलं. तो नोंदवला गेला, ईडी आली, वातावरण तापलं. २०२० मध्ये त्याच शाखेने तपास बंदचा अहवाल दिला. नंतर पुन्हा तपास करायचं म्हणाले आणि २०२४ मध्ये पुन्हा बंदचा अहवाल. आणि मूळ गुन्हाच मिटला तर त्यावर उभी असलेली ईडीची केसही पडते, हे विजय मदनलाल चौधरी निकालाने (जुलै २०२२) स्पष्ट झालं आहे.

समरी दाखल झाली की मूळ तक्रारदाराला नोटीस द्यावीच लागते (भगवंत सिंग, १९८५). तिथे प्रोटेस्ट पिटीशन (अहवालाला हरकत घेणारा अर्ज) करायचं. कोणता साक्षीदार तपासला नाही, कोणतं खातं पाहिलं नाही, हे अहवालाच्या पानावर बोट ठेवून सांगायचं. 'दबावाखाली तपास झाला' या वाक्याला किंमत शून्य. बहुतेक वकील इथवर येईपर्यंत पुढच्या नेत्याकडे वळलेले असतात. माझा या जमातीवरचा मुख्य आक्षेप हाच. दाखल करायला सगळे, पाठपुरावा करायला कोणी नाही.

गिरणगाव_ग्रंथालय

तिखट_मिसळ विचारतात, राजीनामा घेणं कोर्टाचं काम आहे का. नसेल, पण महाराष्ट्रात अशा केसेसमधून बऱ्याचदा प्रत्यक्षात होणारी शिक्षा तीच असते.

तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले, इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरींनी प्रकरण बाहेर काढलं, पी. बी. सामंत वगैरे कोर्टात गेले, आणि जानेवारी १९८२ मध्ये न्या. लेंटिन यांनी सिमेंटचं वाटप आणि प्रतिष्ठानच्या देणग्या यांचं देणं-घेणं होतं असा निष्कर्ष काढला. अंतुले गेले. फौजदारी बाजूने भाजपचे रामदास नायक लढले. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने १६ फेब्रुवारी १९८४ ला सांगितलं की भ्रष्टाचाराची खासगी तक्रार कोणीही नागरिक करू शकतो. पण त्याच दिवशी खटला हायकोर्टाकडे वर्ग करण्याचा जो आदेश दिला, तो २९ एप्रिल १९८८ ला सात न्यायमूर्तींनी चुकीचा ठरवला, आणि गाडी परत मागे. नायकांची १९९४ मध्ये वांद्र्यात गोळ्या घालून हत्या झाली.

दुसरे मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर. मुलीच्या एम.डी.च्या गुणांचं प्रकरण, मार्च १९८६ मध्ये राजीनामा. इथे याचिकाकर्ते डॉ. महेश गोसावी स्वतः त्याच परीक्षेत नापास झालेले उमेदवार होते. म्हणजे वैयक्तिक स्वार्थ होताच. तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं, विषय सार्वजनिक हिताचा असेल तर याचिकाकर्त्याच्या हेतूवरून तो टाकून देता येत नाही. थावरे निकाल तोंडावर फेकला तर हा पुढे करायचा.

कोरम_अपूर्ण

यात पार्ल्याची केस हवीच. डिसेंबर १९८७ ची पोटनिवडणूक, डॉ. रमेश प्रभू निवडून आले, हरलेले प्रभाकर कुंटे हायकोर्टात गेले. प्रचारातली बाळासाहेबांची भाषणं भ्रष्ट आचरण ठरली. एप्रिल १९८९ मध्ये निवडणूक रद्द, ११ डिसेंबर १९९५ ला सुप्रीम कोर्टात कायम, आणि बाळासाहेबांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. ते उमेदवार नव्हते, याचिकेत पक्षकारही नव्हते. अशा त्रयस्थावर ठपका ठेवायचा तर कलम ९९ ची नोटीस देऊन म्हणणं ऐकावं लागतं, ती दिली गेली होती. त्याच दिवशी लागलेल्या मनोहर जोशींच्या दादरच्या निकालात मात्र जोशी वाचले.

भायखळा_फास्ट

उत्तम चाललंय. पण पोटाचा प्रश्न राहिला. आणि नेते उलट वार करतात त्याचं काय?

प्रॅसिपी

पोट नेहमीच्या प्रॅक्टिसवर चालतं: सेवाविषयक, सोसायट्या, जामीन, चेक बाउन्स. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार काउन्सिलच्या नियमांत मनाई आहे, जाहिरातीलाही. ज्येष्ठ वकील अशा याचिकेत फुकट उभे राहतात, पण टायपिंग, झेरॉक्स, भाषांतर, फी स्टॅम्प हे फुकट नसतं. हा खर्च कोण उचलतं हाच पहिला संशय, आणि नियमांप्रमाणे उत्तर शपथेवर द्यावं लागतं. खोटी याचिका ठरली तर दंड अंगावर.

स्वतःच तक्रारदार होणाऱ्या वकिलांसाठी: खासगी फौजदारी तक्रारीत तक्रारदाराचा शपथेवर जबाब होतो, म्हणजे तुम्ही साक्षीदार झालात. साक्षीदार असलेल्या केसमध्ये वकील म्हणून उभं राहायचं नाही, हा नियम आहे. दुसरा वकील लावा. बँड-गाउन घालून स्वतःचीच बाजू मांडायला गेलात तर न्यायमूर्ती आधी तो उतरवायला सांगतील.

वरळी_एसीबी

उलट वाराचे तीन प्रकार. अब्रुनुकसानी: आता बीएनएस (नवी भारतीय न्याय संहिता) कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. याचिकेत लिहिलेल्याला बरंच संरक्षण असतं, पायऱ्यांवर कॅमेऱ्यासमोर बोललेल्याला नाही. संजय राऊतांना मेधा सोमय्यांच्या तक्रारीत सप्टेंबर २०२४ मध्ये १५ दिवसांची साधी कैद आणि २५,००० रुपये दंड झाला तो बाहेर केलेल्या विधानांसाठीच. (राऊत वकील नाहीत, हल्लाही वेगळ्या दिशेने आहे, पण धडा तोच.)

दुसरा अवमान. ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना सुप्रीम कोर्टाच्या अवमानाबद्दल ऑगस्ट २०२० मध्ये एक रुपया दंड झाला, न भरल्यास तीन महिने कैद आणि तीन वर्षं प्रॅक्टिस बंद. त्यांनी रुपया भरला.

तिसरा बार काउन्सिलकडे तक्रार, ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम ३५. अवमानाच्या शिक्षेत कोर्ट सनद काढून घेऊ शकत नाही, तो अधिकार बार काउन्सिलचा, हे १९९८ मध्ये ठरलं आहे.

तिखट_मिसळ

भूषण यांचंच घ्या. त्यांच्या याचिकेवर टूजी स्पेक्ट्रमचे १२२ परवाने फेब्रुवारी २०१२ मध्ये रद्द झाले आणि डिसेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. मग नेमकं जिंकलं कोण?

सनदशीर

याचिका जिंकली, खटला हरला. दोन्हींचं माप वेगळं आहे. परवाना मनमानीने दिला हे नस्तीवरून ठरतं. लाच घेतली हे संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, आणि ते काम तपास यंत्रणेचं. वकिलाची पोच पहिल्यापर्यंतच. म्हणून मूळ प्रश्नाचं उत्तर: निर्णय रद्द होणं, निवडणूक रद्द होणं, कधी राजीनामा, आणि पुढच्यांना वापरता येईल असा एखादा निकाल. उके यांच्या केसमध्ये आरोपी सुटला, पण दखल घेतलेली प्रकरणंही फॉर्म २६ मध्ये लिहावी लागतात हा २०१९ चा कायदा आज प्रत्येक उमेदवाराला लागू आहे. शिक्षा हवी म्हणून या वाटेला जाणाऱ्याने वरची वरळी_एसीबी यांची पोस्ट आधी वाचावी.

तिखट_मिसळ

हे पटण्यासारखं आहे. तरी टीव्हीवाल्यांबद्दलचं मत कायम.

परळ_परिसर

महापालिकेच्या नगरसेवकाविरुद्धही हेच ४५ दिवस का?

कोरम_अपूर्ण

नाही. तो वेगळा कायदा, मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८, कलम ३३. मुदत निकाल जाहीर झाल्यापासून १० दिवस, आणि अर्ज हायकोर्टात नाही, लघुवाद न्यायालयात, धोबी तलावला. दहा दिवसांत प्रतिज्ञापत्राची साक्षांकित प्रत मिळवायची असते, त्यामुळे तिचा अर्ज निकालाची वाट न बघता अर्ज छाननीच्या आठवड्यातच टाकून ठेवा.